राणीचं गाणं दुसऱ्यांदा

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. किचनच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही! माझा ड्रॉवर भरला तो जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या आमच्या ऑपेरा मंडळामुळे. मी आयटीवाली, गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण वरच्या मजल्यावरच्या उलरिकेबाईंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "तुला लॅपटॉप नीट चालवता येतो ना?" झालं, मी मंडळात!

उलरिकेबाई संगीताच्या निवृत्त शिक्षिका. एका खेड्यातल्या चर्चच्या कपाटात, बारशांच्या नोंदवह्यांखाली त्यांना हा ऑपेरा सापडला. एक राणी, एक राजा, एक वादळ. तीनशे वर्षांत कुणी वाजवलेला नाही. बाईंनी अकरा वर्षं बसून पेन्सिलीनं त्याची स्वच्छ प्रत काढली. मी विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी?"

"हे ज्यांनी ऐकलं त्यांतलं आता कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकायचंय. बस!"

*

गावातल्या थिएटरनं आम्हाला रविवारची एक दुपार दिली. थिएटरच्या मुख्यांना इथे इंटेंडंट म्हणतात. आमचे इंटेंडंट सडपातळ, अतिशय सभ्य आणि सतत घड्याळ बघणारे. लोकांना आवडलं तर पुढच्या सीझनला ऑपेरा घेणार, नाही तर पुन्हा कपाटात!

त्यांची अट एकच. या ऑपेरात प्रत्येक गाण्याचा एक पहिला भाग असतो, मग मधला, आणि मग पहिला भाग पुन्हा येतो. दुसऱ्या वेळी गाणारा त्यात स्वतःच्या हरकती घालतो. इंटेंडंट म्हणाले, "आल्झो, तर मग, पहिल्या भागावरच थांबा. आजचा प्रेक्षक एकच गोष्ट दोनदा ऐकत नाही."

बाई भडकल्या. "दुसऱ्या वेळचं तेच तर खरं गाणं! पहिल्यांदा नुसती ओळख होते."

"मग ओळखच पुरे," इंटेंडंट शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या आणि प्रत्येक गाण्याचा पुढचा भाग खोडत गेल्या. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. मला इतकं वाईट वाटलं की मी बिस्किटंही तशीच परत आणली.

*

आता जरा हसा. आमची राणी म्हणजे योनास. सहा फूट उंची, भरघोस दाढी आणि आवाज बायकांच्या पट्टीतला. पूर्वी असेच पुरुष गायचे म्हणे.

त्याच सुमारास माझे सासरे मिरजेहून आले. बाबांना तालमीला न्यायचं तर आधी समजावून सांगावं म्हणून मी सुरुवात केली, "अहो बाबा, तिथे एक पुरुष राणीच्या वेशात..."

"मग?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे पुरुष शालू नेसून उभे राहायचे तेव्हा बायका त्यांच्याकडे बघून साडी नेसायला शिकायच्या! यात सांगण्यासारखं काय आहे?"

तालीम बघून त्यांची तक्रार एकच, राणीला झगा सावरता येत नाही. मग मोडक्या इंग्रजीत बाबांनी योनासला वळताना पायानं घोळ कसा मागे सारायचा ते शिकवलं. दाढीवाली राणी तेव्हापासून एकदाही अडखळली नाही!

*

माझं काम म्हणजे गाण्याच्या ओळींचं जर्मन भाषांतर रंगमंचावरच्या पडद्यावर दाखवणं. तालमीत पहिली ओळ आली, "हे निष्ठुरा, तू गेलास." योनास गातोय, गातोय, ओळ तीच! दोन मिनिटं झाली, चार झाली. मला वाटलं, सिस्टीम हँग झाली. सवयीनं हात गेला आणि मी लॅपटॉप रीस्टार्ट केला!

राणी रडत होती आणि तिच्या डोक्यावर भला मोठा संदेश, "कृपया संगणक बंद करू नका."

योनास नंतर म्हणाला, "हो, भावना तीच होती."

*

नागपूरचा संदेश कांबळे इथे संशोधन करतो आणि आमच्याकडे पत्रा हलवून वादळ करतो. ऑपेराच्या शेवटी देऊळ जळतं, म्हणजे लाल कापड आणि खालून पंखा. आगीचे नियम बघणारे साहेब आले आणि म्हणाले, "आग किती वेळ चालेल?"

"साहेब, हे कापड आहे," संदेश म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण फॉर्ममध्ये आग लिहिलंय."

अग्निशामक सिलिंडर ठेवावाच लागला. संदेशनं त्याला सोनेरी कागद गुंडाळून देवळात बसवला. बाबांनी येताजाता त्याला नमस्कार सुरू केला!

*

आणि तो रविवार. उलरिकेबाई पियानोसारख्या एका जुन्या वाद्यापाशी, वाजवणार त्याच आणि वादकांना इशारे देणार त्याच. हॉल भरला होता, पण इथले लोक शिस्तीचे. गाणं संपलं तरी चूप, टाळ्या अंकाच्या शेवटी. इंटेंडंटच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, बाबा जाऊन बसले.

राणीचं मोठं गाणं आलं. योनासनं पहिला भाग गायला आणि लाल रेघेपाशी थांबला. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"वन्स मोअर!"

बाबा उभे होते! माझी लेक ईरा तोंड लपवून म्हणाली, "नाइन, ओपा, नाइन! नको ना आजोबा!" मी टेबलाखाली जायच्या बेतात.

बाईंचे हात हवेतच राहिले. त्या वळल्या, बाबांकडे बघितलं, मग इंटेंडंटकडे. इंटेंडंटनी घड्याळ बघितलं. बाबा खाली वाकून प्रेमानं म्हणाले, "प्लेंटी टाइम, सर, प्लेंटी!"

बाईंनी होकारार्थी मान डोलावली. वादकांनी पान उलटलं आणि लाल रेघेच्या पुढचं वाजायला लागलं. माझ्याकडे तिथल्या ओळीच नव्हत्या, पडदा कोरा राहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मधला भाग सरला, पहिला भाग परत आला आणि योनासनं अशा काही हरकती घेतल्या की मलासुद्धा कळलं! बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात वाद्यावर, पुसणार कशानं? गाणं संपलं आणि टाळ्या थांबेनात.

मग राजाचं गाणं. तेही पहिल्या भागावर थांबलं. पुन्हा तीच शांतता. मी घाबरून बाबांकडे बघितलं.

"वन्स मोअर," बाबांच्या शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. जरा चाचरत, अगदी जर्मन उच्चारात.

बाबा तर चष्मा पुसत होते.