दातांनी ऐकणारे मिस्तरी

टोकावड्याच्या रस्त्यावरच्या त्या मिस्तरींना मी कधी नाव विचारलं नाही. आमच्या श्रवण तपासणी शिबिराची जीप त्यांच्याच गॅरेजात जायची. लहानपणापासून कान वाहत असल्यामुळे त्यांना फार कमी ऐकू येई. तरी ते चाक जॅकवर उचलून फिरवत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आसाला टेकवत, मूठ दातांत धरत आणि डोळे मिटून, रागावल्यासारखे ऐकत. मग म्हणत, "बेरिंग ठीक हाय. जा बिनघोर घाट चढून."

आवाज हाडातूनही पोचतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. म्हणून कानामागच्या हाडावर बसणारं नवं यंत्र पारखायला मी ते त्यांच्याकडेच नेलं.

"माझे दात हायेत ना, ताई," म्हणत त्यांनी पट्टा चढवला आणि आमच्या जीपचं चाक फिरवलं. एकदम थांबले. पुन्हा फिरवलं. चेहरा उतरला.

"खरखर करतंय. परवाच ठीक सांगितलं मी."

त्यांनी तोंडातून कवळी काढून हातावर ठेवली. "ही दिवाळीत बसवली. तवापासून सगळ्या गाड्या गप झाल्या. मला वाटलं, माझंच काम चांगलं होतंय."

मग त्यांनी माळशेज घाटाकडे पाहिलं. "वैशाखरे गावची जीप पॅसेंजर घेऊन आताच वर गेली. तिलाबी मीच ठीक म्हणून सोडलीय. तुमी लावा फोन."

भिंतीवर खडूने लिहिलेला त्या जीपवाल्याचा नंबर मी स्पीकरवर लावला. रिंग वाजत राहिली. यंत्रामुळे ती त्यांनाही ऐकू येत होती.