कृष्णाबाईंच्या आठ चौकटी

बेंगळुरात नगरथपेठेच्या सराफी गल्लीत यल्लाप्पा कंग्राळकर आणि त्यांची बायको कृष्णाबाई पटवेकरी करत. सोनाराने घडवलेले मणी, मोती रेशमात ओवून दागिना पुरा करायचा, हे त्यांचं काम. माणसं मूळची बेळगावकडची. त्रेसष्ट साली सोन्यावर नियंत्रण घालणारा कायदा आला, सराफांची दुकानं ओस पडली आणि यांच्या ओट्यावर चार-चार दिवस कुणी फिरकेना.

अशाच एका दुपारी सुलभाताई दामले मंगळसूत्र गाठवून घ्यायला आल्या. कृष्णाबाईंची बोटं चालताना पाहून त्या घरी जाऊन नवऱ्याशी बोलल्या. उमाकांत दामले एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. आठवड्याभरात ते स्वतःच ओट्यावर आले.

संस्थेत खोलीभर मोठं एक गणकयंत्र होतं. त्याची मेमरी तोकडी, मोठं गणित घातलं की अर्ध्यावर अडायचं. ती दुप्पट करायची होती, पण बाहेरून आणायला परकीय चलन मिळत नव्हतं. तेव्हा अशी मेमरी चुंबकी कड्या तारांत ओवून बनायची, मग इथेच विणायची ठरली. बारा चौकटी. प्रत्येकीत मोहरीहून बारीक अशा हजारावर काळ्या कड्या, आणि प्रत्येक कडीतून केसासारख्या चार तारा.

उमाकांतांनी कृष्णाबाईंच्या तळहातावर एक कडी ठेवली.

"जमेल का?"

"मोती बरे की हो साहेब, ही तर खसखस आहे." त्यांनी कडी उजेडात धरली. "स्वल्प वेळ द्या. जमेल."

संस्थेतल्या एका खोलीत बसून त्या विणू लागल्या. एका चौकटीला महिना लागायचा. चौथी तार सगळ्यात अवघड, कारण ती अखंड एकच, सगळ्या कड्यांतून तिरकी फिरायची. चुकली की उसवून पुन्हा पहिल्यापासून. कृष्णाबाई पंखासुद्धा लावू देत नसत.

"यात काय ठेवता, साहेब?" एकदा त्यांनी विचारलं.

"आकडे. ठेवायचे आणि लागले की काढायचे."

"म्हणजे डबाच," असं म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा वाकल्या.

सात चौकटी झाल्या. उमाकांतांनी एकेक तपासली, एकीतही खोट निघाली नाही.

आठव्या चौकटीच्या वेळी उजवा हात कापायला लागला. आधी त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. कोपर टेबलाला दाबून धरायच्या, श्वास रोखायच्या, मनगटाला घट्ट चिंधी बांधायच्या. एका महिन्याचं काम तीन महिन्यांवर गेलं. शेवटची तार बाहेर आली तेव्हा त्यांचं पोलकं घामाने भिजलं होतं.

नवव्या चौकटीत तार कडीशी नेली की ती चार बोटं पलीकडे जायची. उमाकांत दारात उभे होते.

"कृष्णाबाई, कधीपासून?"

त्यांनी हात पदराखाली घेतला. "उद्या थांबेल, साहेब."

ते त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावला, चालायला लावलं. मग म्हणाले, "गोळ्यांनी कंप थोडा कमी होईल. जाणार नाही. हळूहळू वाढत जाईल."

"माझ्या चार राहिल्यात हो डॉक्टर," कृष्णाबाई म्हणाल्या.

उमाकांतांनी सगळं करून पाहिलं. भिंग लावून स्वतः बसले, दोन दिवसांत सतरा कड्या फोडल्या. जाहिरात देऊन दोन बायका आणल्या, डोकं दुखतं म्हणून त्या आठवड्यात गेल्या. यल्लाप्पांना आणलं, तर त्यांच्या डोळ्यांना कडीच दिसेना. कृष्णाबाई शेजारी बसून तोंडाने सांगत, "खालून घ्या, आता तिरकी," आणि मांडीवर त्यांचा स्वतःचा हात हलत राही. प्रत्येक आकड्याचा एकेक तुकडा एकेका चौकटीत राहायचा, त्यामुळे बाराही पुऱ्या झाल्याशिवाय आठ चौकटींचा उपयोग शून्य होता.

सदुसष्ट साली परकीय चलन मंजूर झालं. बाहेरून तयार मेमरी आली, सीलबंद पेटीत. ती बसवायला एक दुपार पुरली. कृष्णाबाईंच्या चौकटी कपाटात गेल्या.

कृष्णाबाईंना हे कळवायचा उमाकांतांना धीर होईना. शेवटी त्या स्वतःच नवऱ्यासोबत संस्थेत आल्या. आता त्यांची हनुवटीही कापत होती.

"मशीन मोठं झालं म्हणे. माझ्या लागल्या का त्यात?"

हो म्हणणं सोपं होतं. उमाकांत म्हणाले, "नाही, कृष्णाबाई. बाहेरून आणली."

"वाईट झाल्या होत्या?"

"एकही नाही. तुमच्यासारखं काम मी पाहिलं नाही."

"मग एक द्याल का? घरी ठेवीन."

उमाकांतांनी वरिष्ठांना विचारलं. सरकारी माल बाहेर जात नाही, असं उत्तर आलं. त्यांनी कपाट उघडून एक चौकट टेबलावर ठेवली, तेवढंच त्यांच्या हातात होतं. हात लागून तार तुटेल म्हणून कृष्णाबाई दोन्ही हात पाठीमागे धरून वाकल्या. बराच वेळ ओळीमागून ओळ पाहत राहिल्या.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "ठेवा आत. धूळ बसंल."

उमाकांत फाटकापर्यंत पोचवायला गेले. बस आली. यल्लाप्पांनी आधी स्वतः चढून खाली हात दिला. तो धरायला कृष्णाबाईंना दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि कंडक्टर घंटी न वाजवता थांबून राहिला.