उघड्या हाताची दुपार

आज सुनेची बकरी जनली. ओल्या पिल्लाचा तो कोमट, खारट वास आला आन् माह्या छातीत जुनीच धडकी भरली.

तवा आमचं लग्न नवं होतं. भर दुपारी आमची बकरी कुडाच्या सावलीत आडवी पडली होती. पिल्लाचा एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. माहा पंजा वखर धरून रुंद झालेला, आत जाईना. बकरीनं ओरडणं थांबवलं, तसं मले जास्तच भेव वाटलं.

बायको म्हणे, "सरका, माहा हात बारीक हाये." आन् लग्नातल्या हिरव्या बांगड्या उतरवू लागली. कुंपणापलीकडं शेजारच्या बाया पाहून राहिल्या होत्या. नवरा जित्ता असता कोणी मनगट मोकळं करते काय? मी कोणाच्या बापाले न भेणारा माणूस, पण भेऊन तिचा हात धरला.

"राहू दे. मरू दे बकरी."

"काहून मरू देऊ? तिचं डोकं धरा."

तिनं हाताले तेल चोपडलं आन् हात आत घातला. मी बकरीचं डोकं धरून डोळे गच्च मिटले. आता आपलं काई खरं नाई, येवढंच मनात. मंग पिल्लू शिंकल्याचा आवाज आला.

"उघडा डोळे," ती म्हणे. "नाई मेले तुमी."

तवा मी फक्त माह्या मरणाले भ्यालो होतो. त्या आठवड्यात मले साधा ताप जरी आला असता, तरी गावानं तिलेच धरलं असतं. हे मले आता समजते. तिले तवाच ठाऊक होतं.