म्हात्रेभाऊंचा खिळा

म्हात्रेभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत बकऱ्याचा जबडा होता. सोनिवलीच्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. जिन्यात त्यांच्या पिशवीतून दात डोकावताना पाहून माझी बायको दोन पायऱ्या मागे सरली. "घाबरू नका ताई, हा चावत नाही," ते म्हणाले, "उलट यालाच मी टोचणार आहे." आणि शेजारचं दार उघडून आत गेले.

ते मूळचे मोरिवलीचे. आनंदनगरच्या एका लहान कारखान्यात दातांच्या इम्प्लांटचं डिझाइन करत. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. ते त्याला खिळाच म्हणत. उल्हासनगरच्या खाटकाकडून जबडे आणायचे, उकळून साफ करायचे आणि गॅलरीत बसून त्यांत नवे खिळे पिळून कुठला हाडाला किती धरतो ते बघायचं, यात त्यांचा रविवार जाई. वहिनी आतून ओरडत, "अवो, त्या बकऱ्याचं तोंड झालं असंल तर आपलं बी बगा! जेवाला या."

या वेडामागे त्यांचं स्वतःचं तोंड होतं. त्यांनी पूर्वी बसवून घेतलेल्या खिळ्याभोवतीचं हाड झिजत गेलं आणि एक दिवस खिळा भाकरीबरोबर हातात आला. "खिळा चांगला होता," ते सांगत, "मान वाईट होती." खिळा आणि वरचा दात यांच्या सांध्यात बारीक फट असते, तिथे घाण साचते आणि शेजारचं हाड मागे सरतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वरचा जोड खिळ्यापेक्षा अरुंद करायचा, फट हाडापासून आत ओढायची, मानेजवळचे आटे बारीक ठेवायचे. हे समजावताना ते माझी कॉलर धरून आत दुमडत. "अशी मान पाहिजे. हाडाला वाटलं पाहिजे, आपल्याला कुणी ढकलत नाही."

मग वहिनींच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी काढाव्या लागल्या. वहिनींचं सगळं सुख भाजलेल्या सुक्या बोंबलात आणि तांदळाच्या भाकरीत. कवळी त्यांना टोचायची. उल्हासनगरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जखम भरली की इम्प्लांट बसवू, बाजारात चांगले मिळतात. म्हात्रेभाऊंनी नकारार्थी मान हलवली. "माझ्या तोंडात झालं ते हिच्या तोंडात नको. माझा खिळा येतोय."

खिळा येत राहिला. कधी आटे बदलले, कधी पृष्ठभाग. मग चाचण्या, मग परवानग्या. वहिनींचा नवा एक्स-रे काढला की ते तो गॅलरीच्या काचेला लावत आणि मला बोलावत. मी कॉस्टिंगमधला, हिशेबाचा माणूस, माझ्या मोजण्यावर त्यांचा भरवसा होता. जबड्यातल्या नसेपासून हिरडीकडच्या काठापर्यंत पहिल्यांदा बारा मिलिमीटर हाड होतं. पुढे साडेदहा. पुढे नऊच्या आत. मी आकडा सांगे, ते "बरं" म्हणत आणि पट्टी माझ्या हातून घेऊन स्वतः मोजत. आकडा तोच येई.

एकदा मॅडम माझ्यासमोरच त्यांना बोलल्या, "अंकल, हड्डी आपके लिए रुकती नहीं. जे मिळतंय ते बसवा ना!"

"अजून थोडं, मॅडम."

गंमत अशी की दुसऱ्यांना हेच सांगताना ते थकत नसत. "हाडाला काम पाहिजे. काम दिलं नाही तर निघून जातं, आमच्या एमआयडीसीतल्या मजुरासारखं. मग बोलावून येत नाही." वहिनी तेव्हा शेजारीच भाकरी दुधात कुस्करत बसलेल्या असत.

शेवटी खिळा आला. मॅडमनी तो आधी काही पेशंटना बसवला. वर्षभराने त्यांचे एक्स-रे पाहिले, तर हाड मानेपर्यंत जागच्या जागी. म्हात्रेभाऊंनी ते एक्स-रे पट्टी लावून पुन्हा मोजले. मग वहिनींचा स्कॅन झाला. उंची सहाच्या खाली, आणि जाडी तर चाकूच्या धारेसारखी. बाहेरून हाडाची भर घालता आली असती, पण हाडं ठिसूळ झाल्यामुळे वहिनींना जी इंजेक्शनं चालू होती, त्यांमुळे उघडलेला जबडा भरून न येण्याची भीती होती, म्हणून मॅडम तयार नव्हत्या. दुसऱ्या डॉक्टरांनीही नकोच म्हटलं.

त्यानंतर आमच्या जिन्यात जबडे आले नाहीत. म्हात्रेभाऊंनी कारखाना सोडला. दुपारी शेजारून खलबत्त्याचा आवाज येई. वहिनींसाठी ते भाजलेले बोंबील कुटत. मी भेटायला गेलो तर एक्स-रेचं नावही काढत नसत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. न राहवून म्हणालो, "तुम्ही तरी म्हणायचं होतं, दुसरा बसवा म्हणून."

"म्हटलं असतं तर बसवला असता त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पन मना बी त्यांचाच पायजे होता."

समोरच्या ताटलीत भाजलेला बोंबील होता. खलबत्ता कोपऱ्यात कोरडा पडला होता. त्यांनी बोंबील उचलून दाढांच्या जागी रिकाम्या हिरडीवर धरला, त्यातलं मीठ चोखलं आणि तो तसाच सबंध ताटलीत परत ठेवला.