एकच मॅट्रिक्स सगळ्यांना

क्रांती पंडागळेला "तुला जमणार नाही" म्हटलं की संपलंच. मग ती हात धुऊन त्या कामाच्या मागे लागते. पस्तिशी उलटल्यावर, शाळेतली नोकरी सांभाळून ती पीएचडीला बसली. विषयही कसला, तर ऐन भरतीत पाऊस कोसळला की जुईनगर, सानपाडा, कामोठे अशा एकेका नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, किती पाणी तुंबेल.

प्रत्येक नोडच्या आकड्यांची एक मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता, आणि सगळ्या मॅट्रिक्स ओळीने एका रांगेत, असा प्रोग्राम ती ज्युलिया नावाच्या भाषेत लिहीत होती. पण सानपाड्यात पाणी भरलं की कामोठ्यातही नेमकं तेवढंच भरायचं. गाईड इंद्रजित सरांनी शुक्रवारची मुदत दिली. तोवर जमलं नाही, तर सोबत पीएचडी करणाऱ्या चंद्रशेखरचा तयार प्रोग्राम घ्यायचा आणि शोधनिबंधावर त्याचं नाव आधी, हिचं मागून. हे तिला सुईसारखं टोचत होतं.

गुरुवारी शाळेतून आल्या आल्या तिने सानपाड्याचा एकच आकडा बदलला आणि सगळी रांग पडद्यावर काढली. झाडून सगळ्या नोडमध्ये तो आकडा बदललेला. मॅट्रिक्स वेगवेगळ्या नव्हत्याच. तिने एकच बनवली होती आणि प्रत्येक जागेवर तीच नेऊन बसवली होती.

कपाळाला हात लावून ती हसली. असली चूक तिच्याच हातून व्हायची. परभणीकडून आलेल्या त्यांच्या घरात चार भावंडांत एक कंपासपेटी. ज्याचा पेपर, त्याची पेटी. एकदा तिचा आणि भावाचा, आकाशचा, भूमितीचा पेपर एकाच दिवशी आला. पेटी आकाशला मिळाली आणि क्रांतीने आईची बांगडी ठेवून वर्तुळं काढली. तो राग अजून गेलेला नाही. पण एकात भागवायची सवय मात्र अंगात मुरली होती.

तिने प्रोग्राममधली ती ओळच खोडली आणि दर नोडला नवी मॅट्रिक्स बनेल अशी लिहिली. सानपाडा भरला, कामोठं कोरडं राहिलं.

शुक्रवारी सरांनी निकाल बारकाईने पाहिले आणि मान डोलावली. मग सहज म्हणाले, निबंधात चंद्रशेखरचंही नाव घालू या, एकात दोघांचं भागेल.

"नाही सर," क्रांती म्हणाली. "त्याचा त्याला वेगळा लिहू द्या. एकात भागवून माझं लई झालंय."