मुडदा बशिवला तुझा

बेंबळीच्या विठाबाईला माया दाटून आली की तोंडातून शिवीच निघायची. लेक वृषाली तापानं फणफणली, दहावी पास झाली, सासरहून न सांगता आली, काहीही झालं तरी आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मुडदा बशिवला तुझा." थोरल्या लेकाच्या, सुगतच्या वाट्याला ते कधी आलं नाही. त्यामुळं ही शिवी म्हणजे आपली एकटीची इस्टेट, असा वृषालीचा पक्का समज.

वृषाली धाराशिवला घरी बसून एका कंपनीचं काम करायची. लोकांनी मोबाइलवर टाकलेल्या व्हिडिओंत यंत्राला काही वावगं दिसलं की तो व्हिडिओ मराठी माणसाकडं येतो. ठेवायचा की काढायचा, ते त्यानं ठरवायचं. यंत्राला शब्द तेवढे कळतात, त्यामागची माया कुठून कळणार? 'मिरची ठेचून काढा' म्हटलं तरी ते बिचकायचं. वृषाली त्याच्या अकलेला हसायची.

एका दुपारी पडद्यावर आईच आली. चुलीपुढं भाकरी थापत होती आणि सुगतची बायको सोनाली मोबाइल धरून हसत होती. विठाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा, खा की गरम हाय तवर." यंत्राचा शेरा होता: जिवे मारण्याची धमकी.

वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली ही बया, आणि आईची शिवी आयती पदरात पाडून बसली! घरच्यांचा व्हिडिओ दुसऱ्याकडं सोपवायचा, हा नियम तिला पाठ होता. ही धमकी नाही, हे तर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिनं यंत्राचा शेरा बरोबर ठरवला. व्हिडिओ गेला, वहिनीचं खातं बंद पडलं, आणि त्या रात्री वृषाली दोन घास जास्तच जेवली.

पुढच्या रविवारी ती न कळवता माहेरी गेली. विठाबाई दारात आली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"आलीस व्हय. बस, पाणी आणते."

आई, अशी काय परक्यासारखी बोलतेस, असं वृषालीनं विचारलं.

"कंपनीनं सोनालीला कळवलंय, म्हातारी जीव घ्यायची धमकी देती म्हणून. म्या तर जल्मभर तुला तेच म्हणत आले. कधी भ्या वाटलं आसंल, तर मनात ठिवू नको, बाई."

न्हाय गं आई, एवढंच वृषालीला म्हणता आलं. पुढचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून विठाबाईनं ना सुनेला शिवी दिली, ना लेकीला. पाहुण्यांशी बोलावं तशी ती दोघींशी जपून बोलते.