गॅसनं कापलेली स्प्रिंग

चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत आमचे मिस्त्री उजव्या हाताची बोटं आडवी घालायचे. अंगठा सोडून चार. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचे, वैद्य नाडी बघताना थांबतो तसे, आणि म्हणायचे, "चार हायेत. बास. हिला आता कुनी हात लावू नका."

तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल, ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं आणि ज्याची शेड सगळ्यांना माहीत असते. आमच्या मिस्त्रींची पत्र्याची शेड भिंगारला बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. लष्कराच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं, निवृत्त झाले, घरी बसवेना म्हणून शेड टाकली. काम एकच करायचे. स्प्रिंगा, पाटे, शॉकअप. म्हणजे गाडी रस्त्यावर कशी बसते तेवढंच. कुणी इंजिनाचं विचारलं की म्हणायचे, "त्याला फुडच्या गल्लीत जा. माझं राज्य चाकापासनं पाट्यापोत्तर."

रविवारी कामाला हात लावायचे नाहीत. पांढरा शर्ट, बगलेत बायबल, सकाळची उपासना. लोक मुद्दाम चर्चच्या फाटकासमोर गाडी आणून उभी करायचे. मिस्त्री हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "आज देवाचा दिस. मी काय बोलनार न्हाई." चार पावलं गेले की मागं वळून, "डाव्या बाजूचं बुश गेलंय. उद्या आना."

एकदा पुण्याहून एक पोरगेला गृहस्थ स्प्रिंगा कापून खाली बसवलेली गाडी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी उंचवट्यावरच ती अडकली. मिस्त्री खाली वाकून बघत म्हणाले, "सायेब, हिच्याखालनं मुंगी जायची म्हनली तरी तिला डोकं वाकवावं लागंल."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना माझ्या डोळ्यांपुढं गाडी होती ती तीच. रस्त्याला चिकटलेली, दबा धरून बसल्यासारखी.

मी कमी बोलणारा माणूस आहे. नगरला माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. कमी बोलतो म्हणून लोक मला सज्जन समजतात. तो समज मी बरीच वर्षं वापरला.

माझी पद्मिनी मी सोनईच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यातून आणली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन पुढच्या गल्लीत झालं, पण तिला चाकावर उभी करायला मिस्त्रींना आठ महिने लागले, आणि ते आठ महिने मी दुपारी दुकान टाकून त्यांच्या शेडमध्ये बसलो. आमची चांगली जमली. त्यांच्याइतका जवळचा माणूस मला तेव्हा दुसरा नव्हता, हे आता लिहिताना लाज वाटते.

त्याच दिवसांतली एक दुपार. मी टेप धरून गाडीची उंची मोजत होतो. म्हटलं, "मिस्त्री, बघा बरं किती येतंय."

"तुमी वाचा."

"तुमच्या बाजूला आहे आकडा."

ते फडक्याला हात पुसत पुसत म्हणाले, "डावा डोळा गेलाय, सायेब. उजव्यात बी मोती पिकलाय. आकडं दिसत न्हाईत. बोटं हायेत तवर भागतंय."

"ऑपरेशन करून घ्या की."

"माझ्या भावाचं बिघडलं हुतं. भ्या वाटतं." आणि आवाज खाली आणून, "कर्नलसायबांच्या कानावर जाऊ देऊ नका. तेवढं सांभाळा."

कर्नलसाहेब आमच्या मंडळींतले. जुन्या गाड्यांचं वेड असलेले आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी मनमाड रस्त्यावर एका हॉटेलात मिसळ खायला जमायचो. कर्नलसाहेबांकडे चार जुन्या जीपा होत्या. त्या कायमच्या सांभाळायला त्यांना माणूस हवा होता आणि त्यांनी मिस्त्रींना विचारलं होतं. बंगल्यामागची खोलीही देणार होते. मिस्त्रींची बायको नुकतीच वारली होती. ती खोली त्यांनी चारदा जाऊन पाहिली होती. कुठल्या भिंतीला पाने-हातोडे टांगायचे हेसुद्धा ठरलं होतं.

मी म्हणालो, "माझ्याकडून कुणाला कळणार नाही." आणि खरंच कळू दिलं नाही. गरज पडेपर्यंत.

गाडी तयार झाली. मी म्हणालो, "मिस्त्री, खाली घ्या."

"का?"

"छान दिसते."

"दिसंल हो. पन रस्ता कुनाचा? नगरचा का पुन्याचा?"

मी महिनाभर त्यांच्या मागं लागलो. शेवटी ते अर्ध्या वेढ्यावर राजी झाले. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा अर्धा-अर्धा वेढा कापायला त्यांनी अख्खी दुपार घालवली. ग्राइंडर जरासा टेकवायचा, उचलायचा, ओलं फडकं लावायचं, थांबायचं. मी कंटाळून म्हटलं, "गॅसनं पाच मिनिटांत होईल."

"गॅसनं तापली की तिचं पानी उतरतं. मग ती स्प्रिंग न्हाई ऱ्हात, नुसती सळई. आज न्हाई उद्या, काचेवानी तुटती." मग बोटं घातली. "तीन हायेत. ह्याच्याखाली मी करनार न्हाई, आन तुमी बी करू नका."

रविवारी मंडळींनी गाडी बघितली. एकानं वाकून मिस्त्रींची नक्कल केली, डोळे मिटून बोटं घातली आणि ओरडला, "अरे, ही तर अजून उभीच आहे! बसवायची होती ना?" दुसरा म्हणाला, "मालक भित्रा असला की गाडीपण गुडघे वाकवत नाही." टिंगल एवढीच. माणूस एवढ्यावरून काय करेल, सांगता येत नाही.

सोमवारी मी गाडी बायपासवरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याला म्हणालो, अजून एक वेढा काढ. तो म्हणाला, "साहेब, गॅसनंच होईल आपल्याकडं." मी म्हणालो, "चालेल." मी तिथंच उभा होतो. ज्योत लागली, पोलाद लाल झालं, मग पिवळं, आणि वेढा टपकन खाली पडला. मला मिस्त्रींचे शब्द आठवले नाहीत असं नाही. आठवले. गाडी खाली आली तेव्हा फटीत एक बोट जेमतेम जात होतं. मी लांब जाऊन तिच्याकडे बघितलं आणि मला फार आनंद झाला.

नवव्या दिवशी राहुरीकडे एका लग्नाला निघालो होतो. बायको शेजारी होती. एका गावाच्या वेशीपाशी स्पीडब्रेकर आला, मी जरा वेगातच होतो. खालून बंदुकीसारखा आवाज झाला, डावं चाक आत घुसलं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. मला खरचटलंही नाही. बायकोचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. ती शाळेत चित्रकला शिकवते. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात ती आता काही काढत नाही.

दवाखान्यात कर्नलसाहेब आले, बाकीचे आले. कुणीतरी विचारलं, "स्प्रिंग कुणी कापली होती?"

मी म्हणालो, "मिस्त्रींनी."

यात शब्द एकही खोटा नव्हता. अर्धा वेढा त्यांनीच कापला होता. खोटं बोलायला मला तोंड उघडावंसुद्धा लागलं नाही, फक्त पुढचं वाक्य गिळायचं होतं. बायको खाटेवरून माझ्याकडे बघत होती. तिच्यादेखत ते वाक्य मला बाहेर काढता आलं नाही.

पुढच्या रविवारी मोडकी गाडी बघायला मंडळी माझ्या दुकानामागच्या आवारात जमली. मिस्त्री चर्चमधून तसेच आले, पांढऱ्या शर्टात. "सलाम" म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही. तुटलेली स्प्रिंग जमिनीवर पडली होती. त्यांनी बायबल बाकावर ठेवलं आणि ती उचलली. रविवारी लोखंडाला हात लावताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. कापलेल्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. तिथं वितळून गोठलेल्या लोखंडाचे मणी होते. आंधळ्यालाही कळले असते.

"ही गॅसनं कापलीय," ते म्हणाले. "मी गॅसनं कापत न्हाई, सायेब." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. रागानं नाही. आता तुम्ही सांगा, अशा भरवशानं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, कमी बोलणारा माणूस, म्हणालो, "मिस्त्री, कशानं कापली ते तुम्हाला दिसतं तरी का?"

त्यांचा चेहरा उतरला. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. मी खिशातून टेप काढला, हातभर ओढला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "वाचा."

ते टेपाकडे बघत राहिले. डोकं जरा डावीकडे केलं, मग उजवीकडे.

"वाचा ना. सगळ्यांसमोर वाचा. किती आहे?"

"सायेब, तुमाला म्हाईत हाय..."

"मला माहीत आहे. यांनाही कळू दे."

मागं कुणीतरी फिस्‌कन हसलं. कर्नलसाहेब पुढं आले, टेप त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." बस्स, एवढंच. पण खोली गेली, जीपा गेल्या, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मिस्त्रींनी स्प्रिंग होती तिथं, होती तशी ठेवली. जाताना बायबल बाकावरच राहिलं. कुणीतरी ते त्यांच्या मागं धावत नेऊन दिलं. मी नाही.

महिन्याभरात नगरभर झालं की मिस्त्रींना दिसत नाही, गाड्या बिघडवतात, एका बाईचा हात गेला. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं तुटली. शेडचे पत्रे निघाले. मिस्त्री देवळाली प्रवराला मुलीकडे राहायला गेले.

मी चार वर्षं गप्प राहिलो. दोरीवर कपडे वाळत घालताना हात अडला की बायको म्हणायची, "तुमच्या मिस्त्रींची कृपा." सुरुवातीला मी मान हलवायचो. मग उठून आत जायला लागलो. एके दिवशी आत गेलो नाही. सगळं सांगितलं. तिनं पिळलेली चादर तशीच बादलीत टाकली. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांगा." त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी देवळालीला गेलो. आता मिस्त्री नाहीत. त्या भेटीनंतर सहा महिन्यांनी ते वारले. मी गेलो तेव्हा ते मुलीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. मी हाक मारली. आवाजावरून ओळखून ते लगबगीनं उठायला लागले. "सायेब! या, या. बाईसायबांचा हात कसा हाय?"

मी उभ्याउभ्याच बोललो. बसलो असतो तर राहिलं असतं. वेल्डिंगवाल्याकडे मीच गेलो, गॅसनं मीच कापायला लावली, तुमचं काम चोख होतं, मला सगळं माहीत असून मी तुम्हाला लोकांत उघडं पाडलं. सगळं सांगितलं, काही राखलं नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

"तुमी मनाचं लई चांगलं, सायेब. म्हनून इतक्या लांब आलात, माझं मन राखायला."

"मन राखायला नाही, मिस्त्री. खरं सांगतोय."

"ऱ्हाऊ द्या हो. मी लई इचार केला हितं बसून. त्या दिवशी माझ्याच हातनं काय तरी झालं असंल. मला कुठं दिसत हुतं? बाईसायबांचा हात गेला माझ्यापायी. रोज परार्थनेत मागतो मी माफी."

"अहो, तुम्ही स्वतः हात लावून सांगितलं होतंत, गॅसनं कापलीय म्हणून!"

"म्हाताऱ्या मानसाचा हट्ट हुता त्यो. तुमी मनाला लावून घेऊ नका."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी ते माझी समजूत घालत होते, लहान मुलाची घालावी तशी. शेवटी माझा हात हातात घेऊन थोपटला.

त्यांची मुलगी दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. ट्रेमध्ये चहाचे दोन कप होते. ती बाहेर आली, एक कप वडिलांच्या हातात नीट दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती बसेपर्यंत थांबली. मग सरळ माझ्याकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

दुसरा कप ट्रेमध्ये तसाच घेऊन ती आत गेली.

मिस्त्रींनी एक घोट घेतला. माझ्या बाजूनं काही आवाज येईना, तेव्हा आत तोंड करून ते म्हणाले, "अगं, सायबांना च्या दे की."

आतून उत्तर आलं नाही. "येईल हां," ते मला म्हणाले, "बसा तुमी." मी बसलो, आणि बसून राहिलो.